हप्ता की भाडं? दोन्हीकडे पाण्यात जाणारा पैसा आधी मोज

"ताई, मी ३४ वर्षांची, नवरा ३७ चा, मुलगी पहिलीत. दोघंही नोकरी करतो. आजवर भाड्यानेच राहत आलोय. गेल्या ४ वर्षांत दोनदा घर खाली करायला लागलं, एकदा मालकाच्या मुलाला राहायला यायचं होतं म्हणून आणि एकदा मालकाने घर विकायला काढलं म्हणून. आता एक फ्लॅट बघितलाय, दोघांनाही आवडलाय, पण हप्ता बसतोय दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या ५५ टक्के. सध्याचं भाडं पगाराच्या पाचव्या हिश्शाएवढं आहे. डाउन पेमेंटला आमची सगळी सेव्हिंग घातली तरी कमी पडतंय, उरलेले बाबा त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातून देतो म्हणतायत. सासूबाई म्हणतात भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याचं घर भरणं, आणि त्यांनी ३० वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत आज १० पट झालीये. नवऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होऊ शकते पण नक्की नाही. ऑफिसमध्ये सगळे सांगतात आत्ता नाही घेतलंस तर कधीच घेता येणार नाही. महिनाअखेर टोकन द्यायचंय. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

अगं, आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे निदान आज तरी झोपशील. हा फ्लॅट, ह्या हप्त्यात, आत्ता घेऊ नकोस. घर कधीच घेऊ नको असं मी म्हणत नाहीये, आणि भाड्यानेच राहा हे काही तत्त्व म्हणूनही सांगत नाहीये, तू जे आकडे पाठवलेस ते नीट मांडून बघितल्यावर हे उत्तर येतंय. आकडे वेगळे असते तर मीच म्हणाले असते की घेऊन टाक.

तुझे खरे आकडे इथे छापायला नकोत म्हणून घराची किंमत १०० धरते. तुझ्या पत्रावरून हिशोब केला तर वर्षाचं भाडं येतं ३. म्हणजे घराची किंमत ही साधारण ३३ वर्षांच्या भाड्याएवढी. डाउन पेमेंट २०, त्यातले १४ तुमचे आणि ६ बाबांचे. लोन ८०, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो महिन्याला ०.६९, वर्षाला ८.३३. आत्ताच्या भाड्याच्या पावणेतीन पट. आणि एक गोष्ट तू पत्रात धरलीच नाहीयेस: नोंदणीचा खर्च, सरकारी कर, एजंट, वकील, लोनची प्रोसेसिंग फी, पंखे-लाइट-कपाटं. हे सगळं मिळून कमीत कमी ६ तरी धर. हे ६ कुठून आणणार होतीस? बहुतेक पर्सनल लोन, नाहीतर क्रेडिट कार्ड. म्हणजे घरात पाऊल टाकायच्या आधीच दुसरं कर्ज.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ, कारण ते वाक्य तुझ्या डोक्यात घर करून बसलंय (आणि त्याचं भाडंही देत नाही). भाड्याचे पैसे परत येत नाहीत हे खरंच आहे. पण लोनचं व्याज तरी कुठे परत येतं? बँकेकडून कर्जाचं वेळापत्रक मागून घे, प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं, आणि रकमेच्या आकड्यावर सही करण्याआधी तो कागद वाचायचा असतो, जो बहुतेक लोक वाचतच नाहीत. तुझ्या केसमध्ये पहिल्या ओळीत काय दिसेल सांगू? पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले जवळजवळ ८२ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १८. पहिल्या वर्षभरात तू ८.३३ भरशील, त्यातलं व्याज ६.७४. म्हणजे आत्ताच्या वर्षभराच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त रक्कम पाण्यात, फक्त ती घेणारा घरमालक नसून बँक आहे. ५ वर्षांनी एकूण ४१.७ भरून झालेले असतील आणि ८० पैकी मुद्दल फिटलं असेल साडेनऊ. अर्धं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं लागतात, २० पैकी १४! आणि हप्ता कमी करायचा म्हणून कोणी ३० वर्षांची मुदत सुचवली तर हप्ता जेमतेम ११ टक्के उतरतो, पण एकूण व्याज ८७ वरून १४१ वर जातं. तो "सोप्पा" ऑप्शन फार महागात पडतो.

व्याजाशिवाय आणखी काय काय पाण्यात जातं? मेंटेनन्स, दुरुस्ती, मालमत्ता कर, विमा. वर्षाला दीड धर, घर जुनं होत जाईल तसं वाढतंच. गळकी भिंत, बिघडलेली लिफ्ट, सगळ्या बिल्डिंगचं प्लंबिंग बदलायचं निघालं तर तुझा वाटा, हे आत्ता मालकाचं डोकं खातं, मग तुझं खाईल. आणि डाउन पेमेंटचे २० बाहेर कुठे गुंतवले असते तर त्यावर जे मिळालं असतं तेही गेलं. हे नुकसान कुठल्याच पावतीवर येत नाही म्हणून कोणी धरत नाही, पण आहे.

म्हणजे पैसा दोन्हीकडे पाण्यात जातो. प्रश्न एवढाच की कुठे जास्त जातो, आणि घराची वाढती किंमत तो फरक भरून काढते का.

मी हिशोब करून बघितला. धरलंय असं: भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं, मेंटेनन्सही तितकंच वाढतं, विकताना २ टक्के खर्च होतो, आणि भाड्याने राहिलीस तर डाउन पेमेंटची रक्कम, वरचा खर्च आणि हप्ता-भाड्यातला फरक तू गुंतवतेस, त्यावर ७ टक्के मिळतात. कर सोडून दिलाय, तो प्रत्येकाचा वेगळा. तर ३ वर्षांनी घर विकावं लागलं, तर दोन्ही बाजू सारख्या व्हायला घराची किंमत दरवर्षी साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढलेली हवी. ५ वर्षांनी विकलंस तर ८ टक्क्यांच्या थोडी वर. १५ वर्षं राहिलीस तर ७ च्या जरा खाली. दिसतंय ना काय होतंय? जितकं जास्त राहशील तितकं घर घेणं बरं पडत जातं, कारण घेतानाचा एकदाच होणारा खर्च जास्त वर्षांत वाटला जातो. आणि तुझ्या नवऱ्याची बदली कधी होऊ शकते? दोन-तीन वर्षांत. म्हणजे नेमका सगळ्यात वाईट खाना.

आता हाच हिशोब भाडं ३ ऐवजी ६ धरून केला तर? १५ वर्षं राहणाऱ्याला किंमत वर्षाला साडेतीन टक्के वाढली तरी पुरे. तिथे मी दोनदा विचारही करू दिला नसता तुला. म्हणून "घर घ्यावं की भाड्याने राहावं" ह्या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नसतंच, घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं हा आकडा आधी काढायचा. १५-१६ च्या आत आला तर सहसा घेणं परवडतं, २० च्या वर गेला की भाडं बरं पडायला लागतं, व्याजदर जास्त असेल तर ही रेघ अजून खाली येते. हा ढोबळ आडाखा आहे, नियम नाही, पण ३३ हा आकडा कुठल्याही बाजूने बघितला तरी चढाच आहे.

सासूबाईंच्या घराची किंमत १० पट झाली, छानच झालं, पण ३० वर्षांत १० पट म्हणजे वर्षाला ८ टक्के. कॅल्क्युलेटरवर करून बघ. तुझं लोन साडेआठचं आहे. १० पट ऐकायला जबरदस्त वाटतं कारण मधली ३० वर्षं कोणी सांगत नाही, त्यात भरलेलं व्याज कोणी सांगत नाही, आणि दोनदा बदललेलं प्लंबिंग तर नाहीच नाही. त्यांचा निर्णय चुकीचा होता असं अजिबात म्हणत नाहीये. ३० वर्षांपूर्वी त्यांच्या घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या किती पट होती हे एकदा सहज विचार त्यांना. १२-१५ पट निघाली तर त्यांनी बरोबरच केलं होतं, आणि तुझी परिस्थिती त्यांच्यासारखी नाहीये हेही तिथेच कळेल.

अजून एक गंमत सांगते. पाच अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये १६ श्रीमंत देशांचे १८७० ते २०१५ पर्यंतचे आकडे एकत्र करून एक मोठा अभ्यास छापला. त्यात निघालं की घरांवरचा परतावा महागाई वजा जाता वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शेअर्सच्या तोडीस तोड. हे वाचून घर विकणारे नाचतील, पण पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: त्या परताव्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा भाड्यातून आलेला होता, किंमत वाढण्यातून नव्हे. स्वतः राहणाऱ्यासाठी तो हिस्सा म्हणजे वाचलेलं भाडं. आता जिथे भाडं किमतीच्या फक्त ३ टक्के आहे तिथे हा हिस्सा मुळातच बारीक, म्हणजे सगळी भिस्त किंमत वाढण्यावर. आणि किंमत वाढेलच ह्यावर सगळा डाव लावायचा असेल तर त्याला सट्टा म्हणतात, भले तो चार भिंतींत बसून खेळा.

ऑफिसातल्या "आत्ता नाही तर कधीच नाही" वाल्यांचं काय? त्यांची भीती खोटी नाहीये, हे मला मान्य आहे. आपण पै पै जोडायची आणि किमतीने पुढे पळत राहायचं, हे बघून कोणाचाही जीव खालीवर होईल. किमती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत राहिल्या तर आज घेणारे जिंकले, ह्यात वाद नाही. पण ते किती काळ चालेल? भाडं ५ टक्क्यांनी वाढतंय आणि किंमत १० ने, असं १० वर्षं चाललं तर घराची किंमत ५३ वर्षांच्या भाड्याएवढी होईल. म्हणजे त्या घरात राहून जो उपयोग मिळतो त्याच्याशी किमतीचा काही संबंधच उरणार नाही, फक्त पुढचा कोणीतरी आणखी जास्त देईल ह्या आशेवर सगळं उभं. कधी कधी असं चालतंही बरीच वर्षं. आणि कधी कधी थांबतं. अमेरिकेत २००६ नंतर देशभरातल्या घरांच्या किमती सहा वर्षांत सरासरी २७ टक्के पडल्या, आणि त्याआधी तिथेही लोक हेच म्हणत होते की घराची किंमत कधी खाली येत नाही. जपानमध्ये १९९१ च्या सुमाराला जमिनीचे भाव शिखरावर पोचले आणि मग दहा वर्षांहून जास्त काळ उतरतच राहिले. तुझ्या हिशोबात २० टक्के घसरण म्हणजे काय? घर ८०, कर्ज ८०. तुमची सगळी सेव्हिंग आणि बाबांचे पैसे कागदावर शून्य. त्या अवस्थेत नवऱ्याची बदली आली तर घर विकताही येत नाही, कारण विकून हातात काही येत नाही, वर खर्च. असं होईलच असं मी म्हणत नाहीये, पण झालं तर तुमच्याकडे ते सोसायची ताकद आहे का, हे बघायला नको?

ताकदीचं बोलू. ५५ टक्के हप्ता हे वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावेत, अगदी ओढून ताणून ४० टक्के. त्याच्यावर गेलं की घर आपलं आणि आपण घराचे नोकर. तुमच्या लोनचा व्याजदर फ्लोटिंग असेल, बहुधा असणारच, आणि तो साडेआठचा साडेदहा झाला तर हप्ता १५ टक्क्यांनी वाढतो, ५५ चे ६३ होतात. बँक कधी कधी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, तेव्हा कळतही नाही, १७ वर्षं उरलेली २७ कधी झाली ते. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर? एकाला घरी बसून म्हाताऱ्या माणसांकडे बघावं लागलं तर? दोन पगारांवर उभं केलेलं लोन एका पगारावर तीन महिनेही तग धरत नाही, आणि तू तर इमर्जन्सीसाठी ठेवलेले पैसेही डाउन पेमेंटमध्ये घालतेयस. घराच्या चाव्या हातात आणि बँकेत शून्य, ही सगळ्यात धोक्याची अवस्था. घर घेतल्यानंतरही निदान सहा महिन्यांचा घरखर्च अधिक हप्ते एवढी रक्कम बाजूला उरायला हवी, उरत नसेल तर ते घर आपल्या आवाक्यातलं नाही, किती का आवडेना.

आणि बाबांचे पैसे. ते प्रेमाने देतायत, पण तू घेऊ नकोस. तुला नवीन नोकरी मिळू शकते, जास्त पगार मिळू शकतो, लोन मिळू शकतं. त्यांना ह्यातलं काहीही मिळणार नाहीये. म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही. उद्या त्यांना दवाखान्यासाठी लागले तर तुझे पैसे भिंतींत अडकलेले, तू देणार कुठून? मग तोंडाने ते काही बोलणार नाहीत आणि तू मनात कुढशील.

बदलीचा मुद्दा मघाशी आकड्यात आला, पण त्याला अजून एक बाजू आहे. अँड्र्यू ऑस्वाल्ड नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात असं मांडलं की जिथे स्वतःच्या घरात राहणारे लोक जास्त तिथे बेकारीही जास्त दिसते, कारण घर असलं की माणूस कामासाठी हलायला तयार होत नाही. त्यावर नंतर भरपूर वाद झाले, सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण एका कुटुंबापुरतं बघितलं तर त्यातलं मर्म पटण्यासारखं आहे. बदलीसोबत प्रमोशन आलं आणि तुम्ही "आत्ताच घर घेतलंय" म्हणून ते नाकारलंत, तर ती किंमतही घराच्याच खात्यात मांडायला पाहिजे. तुमच्या वयात पगारवाढीची सगळ्यात मोठी उडी बहुतेक वेळा जागा बदलल्यावरच येते.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गुंतवणूक हा शब्द एकदाही नाहीये. दोनदा घर खाली करायला लागलं, हे आहे. मुलगी पहिलीत आहे, हे आहे. मला वाटतं तुला फ्लॅटपेक्षा जास्त काय हवंय तर कोणीतरी उठवणार नाही ह्याची खात्री. ही गरज अगदी खरी आहे आणि तिला आकड्यांनी हिणवू नये. फक्त ती खात्री विकत घेण्याचा एकच मार्ग असतो असं समजू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात, आणि तो काही गरीब देश नाही. रोमेनियात ९० टक्क्यांहून जास्त लोक स्वतःच्या घरात राहतात, म्हणून ते स्विस लोकांपेक्षा श्रीमंत झाले नाहीत. जर्मनीत पिढ्यानपिढ्या लोक भाड्याने राहू शकतात कारण तिथला कायदा भाडेकरूच्या पाठीशी आहे: मालकाला ठोस कारणाशिवाय घर खाली करून घेता येत नाही, आणि स्वतःला राहायला हवंय हे कारण असलं तरी मुदत द्यावी लागते, साधारण ३ महिने, भाडेकरू ५ वर्षांहून जास्त राहिला असेल तर ६, आणि ८ वर्षांच्या वर ९. तिथे जी शांती कायदा देतो ती बाकी ठिकाणी आपल्याला करारातून आणि मालक नीट निवडून मिळवावी लागते. पूर्ण मिळत नाही, कबूल. पण आत्ता आहे त्याहून बरीच मिळते.

कशी, तर पुढचं घर बघताना घराआधी मालक बघ. स्वतः परत येऊन राहण्याची शक्यता असलेला मालक टाळ, म्हणजे जो तात्पुरता बाहेर गेलाय, ज्याचं हे एकमेव घर आहे, ज्याचा मुलगा लग्नाच्या किंवा नोकरीच्या वयात आलाय. घर आधीच विक्रीच्या जाहिरातीत आहे का ते शोध. ज्याची दोन-तीन घरं आहेत आणि ज्याला दर महिन्याला वेळेवर भाडं एवढंच हवंय, तो मालक सोन्यासारखा. त्याला सरळ सांग की आम्हाला मुलीच्या शाळेमुळे ५ वर्षं राहायचंय, दर वर्षी अमुक टक्के वाढ आत्ताच लिहून देतो, तुम्ही लिहून द्या की ह्या काळात काढणार नाही, आणि काढायचंच झालं तर ४ महिन्यांची नोटीस आणि शाळेचं वर्ष संपल्यावरच. भाडं बाजारापेक्षा ५ टक्के जास्त मागितलं तरी दे बिनधास्त! तुझ्या हिशोबात ५ टक्के जास्त भाडं म्हणजे वर्षाला ०.१५, आणि घर घेतलं तर पहिल्या वर्षी नुसतं व्याज ६.७४. भिंतीला खिळे मारायची, रंग बदलायची परवानगीही करारात घाल, हे किरकोळ वाटतं पण घर आपलं वाटण्यात त्याचा वाटा मोठा असतो. करार तुमच्याकडे रीतसर नोंदवता येत असेल तर नोंदवूनच घे, तोंडी शब्दावर राहू नकोस. आणि चावी घेतानाच प्रत्येक खोलीचे, नळांचे, फरशीचे फोटो काढून मालकाला पाठव, डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

एक मात्र आहे, आणि इथे मी तुझ्यावर जरा कडक होणार. भाड्याने राहणं तेव्हाच फायद्याचं, जेव्हा वाचलेले पैसे खरंच बाजूला पडतात. वर जो हिशोब केला त्यात मी धरलंय की हप्ता आणि भाड्यातला फरक तू दर महिन्याला गुंतवतेस. माणसं तसं करत नाहीत. फरक मोबाइलमध्ये, गाडीत, सुट्टीत जातो आणि १५ वर्षांनी भाडेकरूकडे ना घर ना पैसे. हप्त्याची एक चांगली गोष्ट ही की तो सक्तीची बचत करवून घेतो, बँकेच्या धाकाने का होईना. तुमच्या हातून पैसा टिकतच नसेल, तर मी म्हणेन की छोटं, लांबचं, परवडणारं घर घेणंच बरं, कागदावर थोडं नुकसान झालं तरी चालेल. तुम्ही २० पैकी १४ स्वतः जमवलेत म्हणजे शिस्त आहे असं दिसतंय, पण परीक्षा घे. पुढचे सहा महिने असं वाग की लोन चालू झालंय. पगाराच्या दिवशीच हप्ता अधिक मेंटेनन्स वजा भाडं एवढी रक्कम, म्हणजे जवळपास पगाराच्या ४५ टक्के, वेगळ्या खात्यात आपोआप जाऊ दे आणि तिला हात लावायचा नाही. तिसऱ्या महिन्यातच नाकातोंडात पाणी गेलं तर उत्तर मिळालं, आणि ते फुकटात मिळालं. जमलं तर सहा महिन्यांत किमतीच्या साडेतीन टक्के नवीन पैसे हातात, आणि बाबांकडे मागायची रक्कम निम्म्याहून कमी झाली.

म्हातारपणी भाड्याने कसं राहणार, ही भीती तू लिहिली नाहीस पण असणारच. रास्त आहे ती. पगार थांबल्यावर भाडं वाढत राहतं, आणि बरेच मालक वयस्कर भाडेकरू ठेवायला कां-कूं करतात. म्हणून आयुष्यात कधीतरी डोक्यावर कर्जमुक्त छप्पर असावं ह्या मताची मीही आहे. पण तू ३४ ची आहेस. ४२-४३ ला, जास्त डाउन पेमेंट आणि १५ वर्षांचं लोन घेऊन घेतलंस तरी रिटायर होईपर्यंत ते फिटलेलं असेल. तेव्हा बदल्याही थांबलेल्या असतील, कुठे राहायचंय हे ठरलेलं असेल, आणि दोन बेडरूम पुरतात की तीन लागतात हेही कळलेलं असेल. ३४ ला घेतलेलं घर ४४ ला लहान पडलं म्हणून विकून दुसरं घेणारे कमी नाहीत, आणि ते सगळे खर्च दोनदा भरतात.

कोणीतरी तुला असंही सुचवेल की राहा भाड्यानेच, पण स्वस्त जागी एक घर घेऊन ते भाड्याने दे. तो धंदा आहे, आणि लांबून धंदा सांभाळायला दोघांकडे वेळ दिसत नाही. सध्या नको.

हाच फ्लॅट मी कधी घे म्हणाले असते? हप्ता पगाराच्या ३५ टक्क्यांत बसत असता, बदलीचा विषय कायमचा मिटला असता, इमर्जन्सीचे पैसे आणि बाबांचे पैसे दोन्ही शाबूत राहिले असते, तर. मग भाड्याशी तुलना करून थोडं नुकसान दिसलं असतं तरी मी म्हणाले असते की ते नुकसान म्हणजे निर्धास्तपणाची किंमत समज आणि घे. आपल्या घरात राहण्याच्या समाधानाला किंमत असते, ती मोजायला हरकत नाही, पण पगाराच्या ५५ टक्के ही ती किंमत नव्हे. म्हणून नवऱ्याला ऑफिसात बदलीबद्दल स्पष्ट विचारायला सांग, "बघू" हे उत्तर आलं तर ते "हो" धरून चाला.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. बँकेकडून आणलेलं ते वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेव आणि पहिल्या ६० ओळींतल्या मुद्दलाची बेरीज त्यांनाच करायला सांग, त्यांनी स्वतः हप्ते भरलेत, त्यांना बरोबर कळेल.

आणि महिनाअखेरचं टोकन. विकणाऱ्याला आजच फोन करून नाही म्हणून सांग, "विचार करतो" असं सांगून लोंबकळत ठेवू नकोस, नाहीतर तो अजून एक गिऱ्हाईक तयार आहे म्हणून घाई लावणार आणि तुम्ही पुन्हा ढिले पडणार. समजा पत्र लिहिल्यानंतर टोकन देऊन झालं असेल, तर त्याची पावती किंवा जो काही कागद दिला असेल तो काढून बघ, व्यवहार मोडला तर पैसे परत मिळतात का आणि किती दिवसांत कळवावं लागतं हे त्यात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर करारावर सही करायच्या आधी वकिलाला दाखव. टोकन बुडालं तरी ते किमतीच्या एखाद टक्क्याच्या आसपास असेल, ते वाचवायच्या नादात उरलेल्या ९९ टक्क्यांवर सही करू नकोस.